सामोआतील मताई उपाध्या आणि आदरभाषा

मताई ही दक्षिण प्रशांत महासागरातील सामोआ द्वीपसमूहात घराण्याच्या प्रमुखास दिली जाणारी उपाधी होय. ही उपाधी धारण करणाऱ्या व्यक्तीसही मताई असेच म्हणतात. मताईंच्या द्वारे घराणे, जमीन आणि गाव यांचा कारभार चालविण्याच्या पद्धतीला फाअमताई असे नाव आहे. मताईंशी आणि मताईंविषयी बोलताना वापरावयाचा स्वतंत्र शब्दसंग्रह सामोअन भाषेत आहे. त्यास 'ङाङाना फाअआलोआलो' म्हणजे आदराची भाषा असे म्हणतात. प्रत्येक गावाची आणि प्रत्येक मोठ्या उपाधीची ठरलेली मानवंदना असते. ती 'फाअलुपेंगा' या नावाने ओळखली जाते.

उपाधी आणि आदरभाषा या दोन्ही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. सामोअन समाजात एखाद्या उपाधीचे स्थान कोणत्या शब्दांनी तिचा उल्लेख होतो आणि मानवंदनेत ती कितव्या क्रमाने उच्चारली जाते यांवरून कळते. लेखनकला येण्यापूर्वी गावाची घटना अशी शब्दांतच जतन केली जात होती. त्यामुळे मानवंदनेतील एखादे नाव गाळणे अथवा नवे नाव घालणे हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही, तो सत्तेचा प्रश्न होतो.

सामोअन लिपीत 'जी' या रोमन अक्षराने लिहिला जाणारा ध्वनी 'ङ' असा उच्चारला जातो. या लेखात तो शब्दाच्या आरंभी 'ङ' आणि इतरत्र 'ंग' असा लिहिला आहे. दोन स्वरांमधील कंठ्य खंड दाखविण्यासाठी स्वर सुटे लिहिले आहेत.

## पार्श्वभूमी

सामोआ द्वीपसमूह आज राजकीयदृष्ट्या दोन भागांत विभागलेला आहे. उपोलू आणि सावाई ही मोठी बेटे असलेले सामोआ हे स्वतंत्र राष्ट्र असून त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख आहे व आपिया ही त्याची राजधानी आहे. १९९७ पर्यंत या राष्ट्राचे नाव पश्चिम सामोआ असे होते. पूर्वेकडील तुतुईला आणि मानुआ ही बेटे अमेरिकन सामोआ या नावाने अमेरिकेच्या अधिपत्याखाली असून तेथील लोकसंख्या सुमारे ५० हजार आहे. दोन्ही भागांची भाषा एकच आहे आणि मताई पद्धत दोन्हीकडे प्रचलित आहे.

सामोअन समाजाचा मूळ घटक म्हणजे 'आइंगा', अर्थात विस्तारित घराणे. त्यात रक्ताचे, दत्तक आणि विवाहसंबंधाने जोडलेले असे सर्व नातलग येतात. अनेक घराण्यांचे मिळून एक गाव होते. प्रत्येक घराण्याकडे एक वा अधिक उपाध्या असतात. उपाधी ही घराण्याची ठेव असून व्यक्ती ती आपल्या हयातीपुरती धारण करते. धारकाच्या निधनानंतर ती घराण्याकडे परत जाते आणि घराणे ती दुसऱ्या योग्य व्यक्तीस देते.

घराण्याच्या प्रमुख उपाधिधारकास 'साओ' म्हणतात. घराण्याच्या जमिनीचा वापर ठरविणे, तंटे मिटविणे, लग्न, मृत्यू इत्यादी प्रसंगी देण्याघेण्याची व्यवस्था पाहणे आणि ग्रामसभेत घराण्याची बाजू मांडणे ही त्याची कर्तव्ये होत. या अधिकारास 'पुले' असे नाव आहे. सामोआतील सुमारे ८० टक्के जमीन रूढीने घराण्यांच्या मालकीची असून तिच्यावरील अधिकार मताईमार्फत चालतो. राज्यघटनेने अशी जमीन विकण्यास मनाई केली आहे. यामुळे उपाधीचा वाद हा बहुधा जमिनीचाही वाद असतो.

## उपाध्यांचे प्रकार

मताईंचे मुख्य वर्ग दोन आहेत.

अलिई : हे उच्च कुलप्रमुख होत. त्यांचा मान वंशपरंपरेतून आणि प्राचीन पूर्वजांशी असलेल्या नात्यातून येतो. मोठ्या समारंभात अलिई स्वतः फारसे बोलत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारा वेगळा असतो.

तुलाफाले : हे वक्ते-प्रमुख होत. अलिईच्या वतीने भाषण करणे, वंशावळी आणि मानवंदना स्मरणात ठेवणे, भेटवस्तूंचे वाटप करणे ही कामे त्यांची असतात. खांद्यावर टाकलेली नारळाच्या काथ्याची चवरी (फुए) आणि हातातील लांब काठी (तोओतोओ) ही वक्त्याची चिन्हे होत. भाषणाबद्दल वक्त्यास विणलेल्या तलम चटया, अन्न आणि अलीकडे रोख रक्कम दिली जाते.

काही उपाध्यांना या दोन्ही वर्गांचे अधिकार असतात. त्यांना तुलाफाले-अलिई म्हणतात.

वक्ता हा अलिईचा सेवक आहे असे वरवर वाटते, परंतु तसे नाही. अलिईचे मोठेपण जाहीरपणे शब्दांत मांडण्याचा अधिकार वक्त्याकडे असतो. इतिहासात सर्वोच्च उपाध्या कोणाला द्यावयाच्या हे वक्त्यांच्या प्रबळ गटांनीच ठरविलेले दिसते. उपोलूवरील अशा गटांना 'तुमुआ' आणि सावाईवरील गटांना 'पुले' असे म्हणत. लेउलुमोएंगा आणि लुफिलुफी ही तुमुआची, तर साफोतुलाफाई आणि सालेआउला ही पुलेची प्रसिद्ध केंद्रे होत.

### सर्वोच्च उपाध्या

परंपरेनुसार तुई आआना, तुई आतुआ, ङातोआइतेले आणि तामासोअलिई या चार उपाध्या सर्वांत श्रेष्ठ मानल्या जात. त्यांना 'पापा' असे म्हणतात. या चारही एकाच व्यक्तीकडे आल्या तर ती व्यक्ती 'ताफाइफा' म्हणून ओळखली जाई. सालामासिना ही स्त्री पहिली ताफाइफा होऊन गेली असे परंपरा सांगते. युद्धदेवता मानल्या गेलेल्या नाफानुआच्या आख्यानाशी हा वृत्तान्त जोडलेला आहे.

आधुनिक काळात मालिएतोआ, माताआफा, तुपुआ तामासेसे आणि तुइमालेअलिईफानो या चार उपाध्यांना 'तामा-आ-आइंगा' म्हणजे थोर घराण्यांचे पुत्र असा विशेष मान आहे. पूर्वेकडील मानुआ बेटांवर तुई मानुआ ही अतिप्राचीन उपाधी होती. १९०४ मध्ये मानुआ बेटे अमेरिकेच्या स्वाधीन करणारे तुई मानुआ एलिसाला १९०९ मध्ये निधन पावले.

## उपाधिप्रदान

उपाधी ज्येष्ठ पुत्राकडे आपोआप जात नाही. उपाधीवर हक्क सांगू शकणाऱ्या सर्व वंशजांना 'सुली' म्हणतात. त्यात मुलींचे वंशजही येतात. घराण्यातील सर्व शाखा एकत्र बसून चर्चा करतात आणि एकमत होईपर्यंत ती चालू ठेवतात. वंशसंबंध, वय, समंजसपणा आणि वक्तृत्व या गुणांचा विचार होतो. त्यांच्या जोडीला विद्यमान मताईची आणि घराण्याची केलेली सेवा, म्हणजे 'ताउतुआ', पाहिली जाते. अधिकाराकडे जाणारी वाट सेवेतून जाते, या अर्थाची सामोअन म्हण सर्वपरिचित आहे. रक्ताचा दूरचा, पण दीर्घकाळ सेवा केलेला नातलग जवळच्या वारसापेक्षा योग्य ठरल्याची उदाहरणे आढळतात.

निवड झाल्यावर 'साओफाई' हा प्रदानविधी होतो. नवा मताई सभागृहाच्या एका खांबाशी आपल्या उपाधीच्या जागी बसतो. दोन्ही बाजूंचे वक्ते भाषणे करतात, त्याच्या उपाधीची मानवंदना म्हटली जाते आणि आवा नावाच्या मुळापासून केलेले पेय त्यास प्रथम दिले जाते. त्यानंतर गावाला भोजन व भेटी दिल्या जातात. या वेळी दिल्या जाणाऱ्या 'इए तोंगा' या तलम चटया अत्यंत मौल्यवान समजल्या जातात. सामोअन तलम चटई विणण्याच्या कलेचा युनेस्कोने २०१९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

विधीनंतर त्या व्यक्तीस उपाधीच्या नावानेच हाक मारतात. उपाधी मूळ नावाच्या आधी लावली जाते. एका व्यक्तीकडे दोन वा अधिक उपाध्या असू शकतात. उदाहरणार्थ, १९९८ ते २०२१ या काळात पंतप्रधान असलेले तुइलाएपा आइओनो साइलेले मालिएलेंगाओई यांच्या नावातील पहिले दोन शब्द उपाध्या आहेत. उपाधीची नोंद शासकीय नोंदवहीत करावी लागते. तत्पूर्वी आक्षेप मागविण्यासाठी 'सावाली' या सरकारी वृत्तपत्रात सूचना प्रसिद्ध केली जाते.

## ग्रामसभा

गावातील मताईंच्या सभेस 'फोनो' म्हणतात. सामोआत तीनशेहून अधिक गावे असून बहुतेक ठिकाणी फोनो हीच स्थानिक सत्ता आहे. १९९० च्या ग्रामसभा कायद्याने तिच्या अधिकारांना शासकीय मान्यता दिली. गावाचे नियम करणे, शेती व स्वच्छतेची कामे लावणे आणि नियम मोडणाऱ्यास दंड करणे ही तिची कामे होत. दंड डुकरे, तलम चटया, डबाबंद मासे अथवा रोख रकमेच्या स्वरूपात घेतला जातो. गंभीर अपराधासाठी गावातून बहिष्कृत करण्याचीही प्रथा आहे. या शिक्षेचा घटनेतील व्यक्तिस्वातंत्र्याशी मेळ कसा घालावा, हा प्रश्न न्यायालयांपुढे अनेकदा आला आहे.

सभा भिंती नसलेल्या, खांबांवर उभ्या असलेल्या घरात भरते. सभागृहाची दोन्ही टोके गोलाकार असतात. तेथील खांबांशी अलिई बसतात. पुढच्या लांब बाजूस वक्ते आणि मागच्या बाजूस आवा तयार करणारे व कनिष्ठ मताई असतात. कोणता खांब कोणत्या उपाधीचा हे ठरलेले असते.

सभेचा आरंभ आवापानाने होतो. 'तानोआ' या अनेक पायांच्या लाकडी पात्रात पेय कालविले जाते आणि उद्घोषक एकेकाचे नाव मोठ्याने पुकारून पेला पाठवितो. अनेक अलिईंच्या पेल्याला स्वतःचे वेगळे नाव असते आणि तेच पुकारले जाते. वक्त्याच्या बाबतीत 'आपला आवा' एवढेच म्हटले जाते. पेला कोणास आधी गेला आणि कोणत्या शब्दांनी पुकारला गेला याकडे सर्वांचे बारीक लक्ष असते, कारण त्या क्रमातून गावातील प्रतिष्ठेची उतरंड जाहीर होते.

उपाधी नसलेल्या पुरुषांच्या मंडळास 'आउमांगा' आणि गावच्या लेकींच्या मंडळास 'आउआलुमा' म्हणतात. शेती, मासेमारी, स्वयंपाक आणि मताईंची सेवा ही आउमांगाची कामे होत. याच सेवेच्या काळात तरुण आदरभाषा ऐकून शिकतात.

## फाअलुपेंगा

फाअलुपेंगा म्हणजे गावाची, जिल्ह्याची अथवा उपाधीची ठरलेली मानवंदना. त्यात प्रमुख उपाध्या, त्यांची निवासस्थाने, सभांगणे आणि पूर्वजांचे संबंध ठराविक क्रमाने उच्चारले जातात. परगावच्या पाहुण्याने सभेत बोलण्यापूर्वी यजमान गावाची फाअलुपेंगा अचूक म्हणावी लागते. एखादी उपाधी विसरली किंवा क्रम चुकला तर तो अपमान समजला जातो आणि वक्त्यास क्षमायाचना करावी लागते.

मानवंदनेत गावाचा इतिहास संक्षेपाने साठविलेला असतो. कोणते घराणे मूळचे, कोणते नंतर आलेले, कोणत्या युद्धानंतर कोणास मान मिळाला, कोणत्या दोन उपाध्या बंधुत्वाने जोडलेल्या आहेत, हे जाणकारास त्यातून कळते. म्हणूनच तिला गावाची मौखिक घटना म्हणता येईल. जर्मन अभ्यासक ऑगुस्टिन क्रेमर यांनी १९०२-०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अनेक गावांच्या मानवंदना आणि वंशावळी नोंदविल्या. पुढे मालुआ येथील ख्रिस्ती मिशनने मानवंदनांचे संकलन छापले. छापील रूपामुळे स्मरणाला आधार मिळाला, परंतु पूर्वी परिस्थितीनुसार हळूहळू बदलणारी रचना त्याच रूपात स्थिर झाली.

जर्मन राजवटीत (१९००-१९१४) राज्यपाल विल्हेल्म झोल्फ यांनी संपूर्ण सामोआच्या मानवंदनेतून तुमुआ आणि पुले यांचे उल्लेख काढून त्यांच्या जागी जर्मन सम्राटाचा उल्लेख असलेली नवी मानवंदना लागू केली. राष्ट्रीय मानवंदनेतून नाव गेले की गटाचे राजकीय अस्तित्वच नाकारले जाते, हे शासक आणि सामोअन दोघेही जाणून होते. १९०८-०९ च्या सुमारास सावाईचे वक्ते लाउआकी नामुलाउलू मामोए यांनी जर्मन धोरणाविरुद्ध चळवळ उभारली. १९०९ मध्ये त्यांना सहकाऱ्यांसह सायपान बेटावर हद्दपार करण्यात आले. १९१५ मध्ये मायदेशी परतताना वाटेतच त्यांचे निधन झाले. तुमुआ आणि पुले यांचा मान मात्र लोकांच्या बोलण्यातून गेला नाही.

## आदरभाषा

सामोअन भाषेत आदर प्रामुख्याने शब्दनिवडीतून व्यक्त होतो. मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' अशी सर्वनामे आणि त्यांबरोबर क्रियापदाची रूपे बदलतात. सामोअनमध्ये मूळ शब्दच बदलतो. खाणे, येणे, बोलणे, झोपणे, शरीराचे अवयव, घर, पत्नी, आजार आणि मृत्यू अशा रोजच्या शेकडो कल्पनांसाठी सामान्य शब्दाखेरीज आदराचा शब्द असतो. अनेकदा अलिईसाठी एक आणि वक्त्यासाठी दुसरा असे दोन शब्द असतात. काही प्रमुख उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत.

- येणे : सामान्य 'साउ', वक्त्यासाठी 'मालिऊ माई', अलिईसाठी उपाधीनुसार 'सुसू माई' अथवा 'आफिओ माई'.
- बोलणे : सामान्य 'ताउताला', वक्त्यासाठी 'फेतालाई', अलिईसाठी 'साउनोआ'.
- खाणे : सामान्य 'आई'; वक्त्यासाठी 'ताउमाफा'; अलिईसाठी 'ताउसामी'.
- घर : सामान्य 'फाले', वक्त्याचे 'लाओआ', अलिईचे 'माओता'.
- पत्नी : वक्त्याची 'ताउसी', अलिईची 'फालेतुआ', सर्वोच्च उपाधिधारकाची 'मासिओफो'.
- पाहणे : सामान्य 'वाआई', आदराचा 'सिलासिला'.
- ऐकणे : सामान्य 'फाअलोंगो', आदराचा 'फाअफोफोंगा'.
- झोपणे : सामान्य 'मोए', आदराचा 'तोफा'.
- हात : सामान्य 'लिमा', आदराचा 'आआओ'. पायासाठीही आदराचा शब्द हाच आहे.
- मस्तक : सामान्य 'उलू', आदराचा 'आओ'.
- मरणे : सामान्य 'ओती', आदराचा 'मालिऊ'.

या यादीवरून काही वैशिष्ट्ये ध्यानात येतात. आदराचे शब्द संख्येने थोडे आणि अर्थाने व्यापक असतात. 'फोफोंगा' हा एकच शब्द आदरणीय व्यक्तीचा चेहरा, डोळे, तोंड आणि आवाज यांसाठी वापरता येतो. थोर व्यक्तीच्या शरीराचा नेमका उल्लेख टाळण्याकडे भाषेचा कल दिसतो. 'मालिऊ' या शब्दाने वक्त्याचे येणे-जाणेही सांगितले जाते आणि देहावसानही. 'आओ' या शब्दाचा अर्थ मस्तक तसाच सर्वोच्च उपाधी असाही होतो आणि राष्ट्रप्रमुखाच्या पदनामात, 'आओ ओ ले मालो' यात, तोच शब्द आहे. निरोप घेताना सर्वत्र ऐकू येणारा 'तोफा' हा शब्दही याच संग्रहातील आहे.

### वापराचे नियम

आदराचा शब्द स्वतःसाठी वापरत नाहीत. अलिई कितीही थोर असला तरी स्वतःच्या खाण्याविषयी, घराविषयी किंवा पत्नीविषयी तो सामान्य शब्दच योजतो. त्यामुळे एकाच संभाषणात एकच क्रिया दोन निरनिराळ्या शब्दांनी सांगितली जाते.

समोरच्या व्यक्तीस थेट 'तू' न म्हणता 'लाउ आफिओंगा', 'लाउ सुसुंगा' किंवा 'लाउ तोफा' असे संबोधतात. यांतील पहिले संबोधन अनेक अलिईंसाठी, दुसरे मालिएतोआ परंपरेशी संबंधित अलिईंसाठी आणि तिसरे वक्त्यांसाठी आहे. पाद्री आणि शिक्षक यांनाही 'सुसुंगा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. समोरची व्यक्ती कोणत्या उपाधीची आहे हे ठाऊक नसेल तर योग्य शब्द निवडता येत नाही. म्हणून अनोळखी मताई भेटल्यावर त्याची उपाधी व गाव आधी नम्रतेने विचारले जाते.

आदर देहाच्या हालचालीतूनही व्यक्त होतो. बसलेल्या माणसांसमोरून जाताना वाकून 'तुलोउ' असे म्हणण्याची रीत आहे. वडीलधाऱ्यांपुढे उभ्याने बोलणे असभ्य समजले जाते. माणसामाणसांमधील नात्याच्या अंतरास 'वा' म्हणतात आणि ते नीट सांभाळणे हा सामोअन सदाचाराचा गाभा मानला जातो.

### 'त' आणि 'क' उच्चार

सामोअन भाषेचे उच्चार दोन प्रकारे होतात. चर्च, शाळा आणि लेखन यांत 'त' आणि 'न' हे ध्वनी वापरतात. घरगुती बोलण्यात त्यांच्या जागी अनुक्रमे 'क' आणि 'ङ' येतात. 'ताउताला' हा शब्द अशा वेळी 'काउकाला' होतो. पहिल्या प्रकारास चांगले बोलणे आणि दुसऱ्यास वाईट बोलणे असे नाव असल्याने दुसरा प्रकार अशिष्ट असावा असा समज होतो. तो चुकीचा आहे. गावच्या फोनोत वक्ते अत्युच्च आदरशब्द वापरतात आणि त्यांचा उच्चार बहुधा 'क' प्रकाराने करतात. उच्चाराची निवड प्रसंगावर आणि आदरशब्दाची निवड व्यक्तीच्या मानावर अवलंबून असते. उपोलूवरील फालेफा गावातील फोनोचा अभ्यास करणारे भाषामानववैज्ञानिक आलेस्सांद्रो दुरांती यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात सभेतील वाक्यरचना आणि राजकारण यांचा संबंध उलगडून दाखविला.

### भाषण

वक्त्याच्या औपचारिक भाषणास 'लाउंगा' म्हणतात. मोठ्या प्रसंगी कोणी बोलावयाचे यासाठी वक्त्यांमध्ये आधी शाब्दिक चढाओढ होते. तिला 'फाअताउ' असे नाव आहे. भाषणात आवाचा उल्लेख, देवाचे आभार, फाअलुपेंगा, मूळ विषय आणि शेवटी उपस्थितांना दीर्घायुष्य चिंतणे असे भाग असतात. म्हणी, दंतकथा आणि मासेमारी, कबुतरांची शिकार यांवरून आलेले वाक्प्रचार यांची त्यात रेलचेल असते.

## ख्रिस्ती धर्माचा प्रभाव

लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३० मध्ये सावाई बेटावर उतरले आणि मालिएतोआ वाइनुउपो यांनी त्यांना आश्रय दिला. मिशनऱ्यांनी भाषेला रोमन लिपी दिली. १८५५ मध्ये संपूर्ण बायबलचे सामोअन भाषांतर प्रसिद्ध झाले. देवाचे बोलणे कोणत्या शब्दाने सांगावयाचे हा प्रश्न भाषांतरकारांपुढे उभा राहिला. तेथे 'फेतालाई' हा आदराचा शब्द योजण्यात आला. अशा रीतीने मताईंसाठी असलेला शब्दसंग्रह उपासनेच्या भाषेत आला आणि दर रविवारी सर्व थरांतील लोकांच्या कानी पडू लागला. जॉर्ज प्रॅट यांच्या १८६२ च्या शब्दकोशात आणि जॉर्ज मिल्नर यांच्या १९६६ च्या शब्दकोशात आदराच्या शब्दांची नोंद आहे.

## वसाहतकाळ आणि स्वातंत्र्य

१९०३ मध्ये जर्मन प्रशासनाने जमीन व उपाध्यांच्या वादांसाठी आयोग नेमला. त्यातून आजचे भूमी व उपाधी न्यायालय विकसित झाले. या न्यायालयात वंशावळी आणि मौखिक परंपरा पुरावा म्हणून मांडल्या जातात. परंपरेने येथे वकिलांना स्थान नव्हते, घराण्याचे लोक स्वतःच आपली बाजू मांडत. एरवी घराणी आपली वंशावळ परक्यास सांगत नाहीत. न्यायालयात मात्र ती उघड करावी लागते आणि निकालानंतर तिचा एकच पाठ अधिकृत ठरतो.

१९१४ मध्ये न्यूझीलंडने पश्चिम सामोआचा ताबा घेतला. १९२२ च्या एका अध्यादेशाने प्रशासकास मताईंची उपाधी काढून घेण्याचा व त्यांना हद्दपार करण्याचा अधिकार मिळाला. त्याच्या सढळ वापराने असंतोष वाढून 'माऊ' ही अहिंसक चळवळ प्रबळ झाली. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपिया येथे मिरवणुकीवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी या राजवटीतील अन्यायांबद्दल औपचारिक क्षमायाचना केली.

१ जानेवारी १९६२ रोजी पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. मालिएतोआ तानुमाफिली दुसरे आणि तुपुआ तामासेसे मेआओले हे संयुक्त राष्ट्रप्रमुख झाले. मेआओले १९६३ मध्ये निधन पावले व मालिएतोआ २००७ पर्यंत पदावर राहिले. त्यानंतर संसदेने निवडलेले राष्ट्रप्रमुखही तामा-आ-आइंगा उपाध्यांचे धारक आहेत. घटनेत तशी अट नाही, तो संकेत आहे. मताई उपाध्या सामोअन रूढी व परंपरेनुसारच धारण केल्या जातील, असे घटनेच्या कलम १०० मध्ये म्हटले आहे.

## मताधिकार आणि उपाध्यांची वाढ

स्वातंत्र्यानंतर संसदेच्या बहुतेक जागांसाठी मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क केवळ मताईंना होता. यातून एक अनपेक्षित परिणाम घडला. एकच उपाधी अनेकांना एकाच वेळी विभागून देण्याची सोय परंपरेत होती. निवडणुकीत मते वाढविण्यासाठी तिचा वापर होऊ लागला आणि थोड्या काळात उपाधिधारकांची संख्या फार वाढली. अशा व्यक्तींना उपहासाने 'मताई पालोता' म्हणजे मतपत्रिकेपुरते मताई म्हटले जाई. १९९० मध्ये सार्वमत घेण्यात आले आणि २१ वर्षांवरील सर्वांना मताधिकार मिळाला. एप्रिल १९९१ ची निवडणूक या तत्त्वावरील पहिली होय. उमेदवारीचा हक्क मात्र मताईंपुरताच राखला गेला.

अमेरिकन सामोआत विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहातील १८ सदस्य मताई असतात. त्यांची निवड सामोअन रूढीनुसार स्थानिक परिषदा करतात.

## स्त्रिया आणि मताई पद

बहिणीचा मान हा सामोअन समाजातील मूलभूत नियम आहे. भाऊ-बहिणीच्या नात्यास पवित्र करार मानतात आणि उपाधीच्या निवडीत बहिणीच्या वंशाचे मत विचारात घेतले जाते. स्त्रियांना उपाधी घेण्यास सर्वसाधारण मनाई नाही, तरी स्त्री-मताईंचे प्रमाण कमी आहे आणि काही गावे स्त्रियांच्या उपाध्या मान्य करीत नाहीत. संसदेची उमेदवारी मताईंपुरती असल्याने याचा परिणाम राजकारणावर होतो. २०१३ च्या घटनादुरुस्तीने संसदेत स्त्रियांचे किमान प्रमाण १० टक्के ठरविले. २०२१ मध्ये फिआमे नाओमी माताआफा या सामोआच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. त्यांचे वडील फिआमे माताआफा फाउमुइना मुलिनुउ दुसरे हे देशाचे पहिले पंतप्रधान होते.

## सद्यःस्थिती

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथे मोठ्या संख्येने सामोअन लोक राहतात. अनेक मताई परदेशात असून ते घराण्याची सेवा मुख्यतः पैसे पाठवून करतात. गावात राहून केलेली सेवा आणि दुरून पाठविलेला पैसा यांना सारखे मानावे काय, यावर घराण्यांत मतभेद होतात. उपाधी विभागून दिल्याने प्रमुख धारक कोण, मानवंदना कोणाच्या नावे म्हणावयाची, हे प्रश्नही न्यायालयापर्यंत जातात. बाहेरच्या व्यक्तींना सन्मानार्थ उपाध्या देण्याची प्रथाही आहे. मानववैज्ञानिक डेरेक फ्रीमन यांना साआनापू येथे उपाधी मिळाली होती. अभिनेते ड्वेन जॉन्सन हे आईकडून सामोअन वंशाचे असून त्यांना २००४ मध्ये सेइउली ही उपाधी देण्यात आली.

परदेशात वाढलेल्या पिढीस दैनंदिन सामोअन येत असली तरी आदरभाषा येतेच असे नाही. ती शाळेपेक्षा सभा, आवापान आणि अंत्यविधी यांत वावरून शिकली जाते आणि असे प्रसंग परदेशात कमी येतात. न्यूझीलंडमध्ये दरवर्षी सामोअन भाषा सप्ताह साजरा होतो, तसेच चर्चमधील उपासना व भाषणे यांतून हा शब्दसंग्रह जपण्याचे प्रयत्न होतात. उपाधी धारण करणाऱ्याने स्वतःची मानवंदना तरी अचूक म्हणता यावी, अशी अपेक्षा आजही केली जाते, कारण ती म्हणता न येणाऱ्यास सभेत दुसऱ्या वक्त्यावर अवलंबून राहावे लागते.